मीटर २५ दाखवतोय का, ते आधी बघा

कॉलेजच्या स्टोअररूममध्ये काळ्या केबलचं भेंडोळं, डबाभर बीएनसी कनेक्टर (फिरवून बसणारे धातूचे गोल जोड) आणि धूळ खात पडलेले दोन-चार जुने पीसी सापडले की एक तर सगळं भंगारात जातं, नाहीतर एखादे सर किंवा मॅडम ठरवतात की मुलांना हे चालवून दाखवायचं. असं ठरवणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. डॉसच्या (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) पीसीवरून एका केबलमार्गे युनिक्स मशीनला लॉगिन कसं करायचं आणि ते होत नसेल तर का होत नाही, एवढाच विषय आहे.

थोडा संदर्भ. सोलापूर जिल्ह्यातली कॉलेजं २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आपलं सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला झालं, तोवर कोअ‍ॅक्सचा म्हणजे वरच्या काळ्या केबलचा जमाना सरत आला होता. त्यामुळे आपल्याकडे जुनं कॅम्पस नेटवर्क म्हणजे एखाद्या कॉलेजची एक लॅब, फार तर एका इमारतीचे दोन मजले. देशपातळीवर अर्नेट हे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क १९८६ ला सुरू झालं, तेही आठ संस्थांपुरतं: मुंबईचं एनसीएसटी, बंगळूरची आयआयएससी, पाच आयआयटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पण इमारतीच्या आतल्या नेटवर्कला बाहेरच्या जोडणीची गरज नसते. एक युनिक्स सर्व्हर, एक केबल आणि पीसी, एवढ्यावर ते पूर्ण असतं.

आता केबल. हिचं नाव १०बेस२. वेग सेकंदाला १० मेगाबिट, एका सेगमेंटची (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या सलग केबलची) लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर ३० पेक्षा जास्त जोड नकोत, दोन जोडांमध्ये किमान अर्धा मीटर अंतर. मानक १९८५ चं. केबल आरजी-५८, जाडी साधारण ५ मिलिमीटर, इम्पीडन्स (सिग्नलला जाणवणारा रोध) ५० ओहम. इथे पहिली फसगत होते, कारण केबल टीव्हीची आरजी-५९ दिसायला जवळपास तशीच, जेमतेम एक मिलिमीटरने जास्त जाड, पण ७५ ओहमची. दुकानात मागितली तर हमखास तीच हातात येते. आवरणावर छापलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन्ही प्रकारच्या केबल एकाच सेगमेंटमध्ये जोडल्या तर जिथे सांधा आहे तिथून सिग्नलचा काही भाग मागे परततो. थोड्या अंतरावर हे चालल्यासारखं वाटतं आणि गर्दी वाढली की रडायला लागतं.

केबल एका मशीनकडून दुसऱ्याकडे जाते. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डावर एक टी (तीन तोंडांचा जोड) बसतो, टीच्या एका बाजूने केबल आत येते, दुसऱ्या बाजूने पुढे जाते. पहिल्या आणि शेवटच्या टीच्या मोकळ्या तोंडाला ५० ओहमचा टर्मिनेटर (केबलचं टोक बंद करणारा रोध). टी थेट कार्डावरच बसवायचा. टेबल लांब आहे म्हणून टी भिंतीजवळ ठेवून तिथून कार्डापर्यंत हातभर केबलचा तुकडा ओढणं हा फार जुना आणि फार मोहात पाडणारा घोटाळा आहे. तो तुकडा म्हणजे मुख्य केबलला फुटलेली फांदी. सिग्नल त्यात शिरून परत फिरतो. केबल कमी पडत असेल तर जाणारी आणि येणारी अशा दोन केबल टेबलापर्यंत आणा.

टर्मिनेटर निघाला की सगळ्यांचंच नेटवर्क का बंद पडतं, हे मुलांना नीट समजावून सांगण्यासारखं आहे. नुसतं "सिग्नल परत फिरतो" म्हणून सोडून देऊ नका. कार्ड पाठवताना केबलमध्ये सरासरी ४१ मिलिअँपिअरच्या आसपास करंट सोडतं. दोन्ही टोकांचे ५०-५० ओहम समांतर, म्हणजे कार्डाला दिसतो २५ ओहमचा रोध. ४१ मिलिअँपिअर गुणिले २५ ओहम म्हणजे केबलवर सरासरी सुमारे १ व्होल्ट (ऋण बाजूला). दोन कार्डं एकदम बोलली तर करंट दुप्पट, व्होल्टेजही दुप्पट, आणि कार्ड त्यावरूनच ओळखतं की टक्कर झाली. आता एक टर्मिनेटर काढा. रोध २५ चा ५० झाला. एकटंच कार्ड बोलत असलं तरी व्होल्टेज २ च्या घरात जातं, आणि कार्डाला वाटतं की आणखी कुणीतरी बोलतंय. ते थांबतं, थोडा वेळ वाट बघतं, पुन्हा पाठवतं, पुन्हा तेच. १६ प्रयत्नांनंतर फ्रेम (पाठवायचा डेटाचा तुकडा) टाकून देतं. प्रत्येक मशीनची हीच गत. पॉवरलूमवर बाण्याचा धागा तुटला तर तो एक माग थांबतो, शेजारचा चालू राहतो. इथे एक धागा तुटला की सगळं शेड बंद.

म्हणून या नेटवर्कवर काम करणाऱ्याच्या खिशात साधा मल्टिमीटर हवा. स्क्रीनवरची कुठलीही चूक वाचण्याआधी तो लावायचा. मशीन बंद करा, कुठलाही एक टी कार्डावरून काढा (टी कार्डावरून काढला तरी केबल अखंड राहते, बाकीच्यांना काही होत नाही), आणि टीच्या मधल्या पिनेपासून बाहेरच्या कड्यापर्यंत रोध मोजा. २५ ते २८ ओहम आला तर केबल ठीक. वरचे दोन-तीन ओहम केबलच्या तांब्याचे. १८५ मीटरच्या पूर्ण सेगमेंटचा जाऊन-येऊन रोध १० ओहमच्या आत असायला हवा. ५० ते ६० आला तर एका बाजूचा टर्मिनेटर नाही किंवा त्या बाजूला केबल तुटली आहे. अनंत दाखवला तर दोन्ही बाजू गेल्या. शून्याच्या जवळ आला तर कुठल्यातरी कनेक्टरमध्ये जाळीची तार मधल्या पिनेला चिकटली आहे. ३७ किंवा ३८ आला तर कुणीतरी दोन्ही टोकांना टीव्हीचे ७५ ओहमचे टर्मिनेटर लावले आहेत. ३० आला तर एक टीव्हीचा, एक बरोबर. १७ च्या आसपास आला तर तीन टर्मिनेटर आहेत, मधल्याच एखाद्या टीवर कुणीतरी "मोकळं तोंड दिसलं म्हणून" बसवलेला सापडेल. आणि आकडा केबल हलवताना नाचत असेल तर कनेक्टर सैल आहे.

तुटलेली जागा शोधताना पहिल्या मशीनपासून शेवटच्यापर्यंत चालत जाऊ नका. मधल्या मशीनला जा, टीची एका बाजूची केबल काढा, तिथे हातातला जादा टर्मिनेटर लावा आणि मोजा. २५ आला तर जोडलेली अर्धी बाजू चांगली, दोष काढलेल्या बाजूत. मग त्या अर्ध्याचं अर्धं. ३० मशीनमध्ये पाच वेळा मोजलं की जागा सापडते. दोष बहुतेक वेळा कनेक्टरमध्येच असतो, केबलच्या पोटात क्वचित. झाडलोट करताना टेबल सरकतं, केबलला हिसका बसतो आणि क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड, ढिली होते. छतावरून गेलेली केबल मात्र उंदरांसाठी तपासा.

कनेक्टर नव्याने करताना क्रम पाळा. कडं आधी केबलवर ओवा, कारण पिन बसवल्यावर ते ओवता येत नाही आणि सगळं कापून पुन्हा करावं लागतं. मग बाहेरचं आवरण सोला, जाळी मागे वळवा, आतलं पांढरं प्लास्टिक काढा, मधली तार पिनेत घालून दाबा, बॉडी प्लास्टिकवर सरकवा, जाळी बॉडीच्या दांड्यावर पसरवा, कडं पुढे आणून दाबा. क्रिंपिंग टूलचा साचा पिनेसाठी १.७ मिलिमीटर आणि कड्यासाठी ५.४ मिलिमीटरचा हवा. कड्यासाठी आरजी-५९ चा ६.५ मिलिमीटरचा साचा वापरला तर कनेक्टर दिसतो पक्का, पण हाताने ओढला की निघून येतो. दाबल्यानंतर प्रत्येक कनेक्टर जरा जोर लावून ओढून बघा. पक्कडीने चेपलेला कनेक्टर महिनाभरसुद्धा टिकत नाही.

अर्थिंगबद्दल आपल्या गावात जास्त काळजी घ्यावी लागते. केबलची जाळी फक्त एका टोकाला, एकाच ठिकाणी जमिनीला जोडायची. यासाठी पितळी साखळी असलेला टर्मिनेटर मिळायचा. दुसरं टोक जमिनीला लावायचं नाही, आणि मधले टी कॅबिनेटच्या पत्र्याला किंवा खिडकीच्या गजाला टेकू द्यायचे नाहीत. त्यासाठी रबरी टोप्या असतात, नसल्या तर इन्सुलेशन टेप गुंडाळा. कारण असं की दोन ठिकाणी जमीन मिळाली की त्या दोन जमिनींच्या फरकाचा करंट जाळीतून वाहायला लागतो. सोलापूरची काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो, रोध वाढतो आणि हा फरक हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त होतो. प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर असेल तर खड्ड्यात पाणी ओतायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. दोन इमारतींमध्ये ही केबल नेऊच नका. वळवाच्या पावसात कुठेतरी जवळ वीज पडते आणि एका रांगेतली सगळी कार्डं एकदम जातात. जुन्या काळी जिथे जिथे केबल अंगणावरून नेली तिथे हे घडायचं. इमारतींच्या मध्ये फायबरच हवं.

धुळीचं थोडक्यात. सोलापूरच्या पूर्व भागासारख्या यंत्रमागांच्या वस्तीत पॉवर सप्लायच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंचा थर बसतो. वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीन चालू करण्याआधी पंखा हाताने फिरवून बघा आणि ब्रशने साफ करा. ४२-४३ डिग्रीच्या खोलीत पंखा अडकलेला सप्लाय फार काळ तग धरत नाही.

केबल २५ ओहमवर आली की मग कार्ड. एनई२००० जातीचं आयसा कार्ड सगळ्यात सोपं. त्यावर जंपर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) असतील तर तीन गोष्टी ठरवायच्या: आय/ओ पत्ता (पीसी कार्डाशी जिथे बोलतो तो), आयआरक्यू (कार्ड पीसीला हाक मारतं ती लाइन) आणि कोणतं तोंड वापरायचं. बीएनसी निवडलं नसेल तर कार्ड सगळ्या चाचण्या पास होतं आणि केबलवर एक बिटही जात नाही. कारखान्यातून येताना पत्ता बहुतेक ३०० हेक्स आणि आयआरक्यू ३ असतो, आणि आयआरक्यू ३ वर पीसीचा कॉम-२ (दुसरा सिरियल पोर्ट) आधीच बसलेला असतो. एकतर कॉम-२ बंद करा, नाहीतर कार्ड आयआरक्यू ५ किंवा १० वर न्या. १० साठी कार्ड १६ बिटच्या लांब स्लॉटमध्येच हवं. जंपर नसलेल्या कार्डांना डॉसचा सेटअप प्रोग्राम लागतो. ती फ्लॉपी हरवली असेल तर जंपरवालं कार्ड शोधणं सोपं.

मग पॅकेट ड्रायव्हर, म्हणजे डॉसच्या प्रोग्रामना कार्डाशी बोलू देणारा छोटा प्रोग्राम. त्याला तीन आकडे द्यायचे: सॉफ्टवेअर इंटरप्ट (रिवाजाप्रमाणे ६० हेक्स), आयआरक्यू आणि आय/ओ पत्ता. ड्रायव्हर चढला की कार्डाचा सहा जोड्यांचा हार्डवेअर पत्ता दाखवतो. तो नीट वाचा. सगळ्या जोड्या एफएफ-एफएफ दिसल्या तर आय/ओ पत्ता चुकला आहे: त्या ठिकाणी कार्डच नाही आणि रिकामी बस वाचली की एफएफ मिळतं. पत्ता बरोबर दिसतो पण कुणीच उत्तर देत नाही, अशी अवस्था असेल तर आयआरक्यूवर संशय घ्या. पाठवायला आयआरक्यूची फार गरज पडत नाही, घ्यायला पडते. म्हणून तुमचं मशीन हाका मारत राहतं आणि आलेली उत्तरं त्याच्या कानावर पडत नाहीत. सर्व्हरवर एआरपीची यादी (कोणत्या आयपी पत्त्याचं कार्ड कोणतं) बघितली तर तुमच्या पीसीची नोंद तिथे सापडते, यावरून हे पक्कं कळतं.

टेलनेटसाठी (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला लॉगिन करण्यासाठी) डॉसवर कर्मिट वापरा. कोलंबिया विद्यापीठातून १९८१ मध्ये निघालेला हा प्रोग्राम आधी सिरियल लाइनसाठी होता, पण त्याच्या डॉससाठीच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये टीसीपी/आयपी आतच आहे आणि व्हीटी१०० टर्मिनलची नक्कल तो फार चांगली करतो. त्याला पीसीचा आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गरज असल्यास गेटवे सांगायचा, मग पोर्ट म्हणून टीसीपी/आयपी आणि सर्व्हरचा पत्ता द्यायचा, आणि कनेक्ट. लॅबपुरतं १९२.१६८.१०.१ सर्व्हरला, ११ पासून पुढे पीसींना, मास्क २५५.२५५.२५५.०. प्रत्येक पीसीचा पत्ता कॅबिनेटवर चिकटपट्टी लावून लिहा. सेटिंगची फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर कॉपी केली आणि पत्ता बदलायचा राहिला, तर दोन मशीन एकाच पत्त्याने बोलतात आणि दोघांचीही सेशन आळीपाळीने तुटतात.

लॉगिन होतं, टाइप नीट होतं, पण मोठी यादी मागितली की स्क्रीन अडकते: हे लक्षण पुन्हा केबलचं. टेलनेटमध्ये एक अक्षर दाबलं की किमान ६४ बाइटची छोटी फ्रेम जाते, ती सहज निभावते. सर्व्हर पानभर मजकूर पाठवतो तेव्हा फ्रेम १५१८ बाइटपर्यंत मोठी होते आणि सैल कनेक्टरवर तीच फुटते. छोट्या पिंगला (मशीन उत्तर देतं का ते बघणाऱ्या हाकेला) उत्तर येतं आणि १४०० बाइटच्या पिंगला येत नाही, असं झालं तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका, मीटर उचला.

आता युनिक्सच्या दारात. नाव लहान अक्षरांत टाका. कॅप्स लॉक चालू ठेवून नाव टाकलं तर जुनं युनिक्स समजतं की समोरच्या टर्मिनलला लहान अक्षरं येतच नाहीत, आणि पुढचं सगळं मोठ्या अक्षरांत दाखवायला लागतं. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, मुलांना हे आधी सांगा. आत गेल्यावर टर्म या व्हेरिएबलमध्ये व्हीटी१०० भरून ते एक्सपोर्ट करा. ते चुकलं की व्हीआय (युनिक्सचा एडिटर) उघडल्यावर स्क्रीनवर कंसांचा आणि आकड्यांचा चिखल होतो. बॅकस्पेसला वर टोपी आणि एच उमटत असेल तर एसटीटीवायने (टर्मिनलची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने) इरेजला कंट्रोल-एच द्या. फार जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सवर खोडायचं चिन्ह हॅश आणि सगळी ओळ पुसायचं चिन्ह ॲट असायचं. म्हणजे ईमेलचा पत्ता टाइप करताना ॲटपाशी आलं की अख्खी ओळ गायब! तेही एसटीटीवायनेच बदलतं.

स्क्रीन गोठली आणि कुठलीच की चालत नाही, तर मशीन रीसेट करण्याआधी कंट्रोल-क्यू दाबा. दहातल्या निम्म्या वेळा तरी चुकून कंट्रोल-एस (स्क्रीन थांबवणारी की) दाबलेलं असतं. प्रोग्रामची बायनरी फाइल स्क्रीनवर ओतली गेली आणि अक्षरं वेडीवाकडी झाली तर कंट्रोल-जे, मग एसटीटीवाय सेन, पुन्हा कंट्रोल-जे.

लाइट गेली की काय होतं, हे वेगळं सांगायला हवं. पीसी बंद पडतो, यूपीएसवरचा सर्व्हर चालू राहतो, आणि सर्व्हरला कळतच नाही की पलीकडचा माणूस गेला. ते सेशन तसंच लटकून राहतं. कीपअलाइव्हची (पलीकडे कुणी आहे का हे तपासण्याची) नेहमीची मुदत दोन तास. लाइट आल्यावर पुन्हा लॉगिन करा, हू या कमांडने आपली जुनी लाइन शोधा आणि तिथल्या शेलला हँगअप सिग्नल पाठवा. थेट ९ नंबरच्या सिग्नलने मारू नका, कारण हँगअप मिळाल्यावर व्हीआय अर्धवट फाइल जपून ठेवतो. नंतर व्हीआयला उणे-आर आणि फाइलचं नाव दिलं की लिहिलेलं बहुतेक सगळं परत मिळतं.

स्टोअरमध्ये डंब टर्मिनल (नुसता कीबोर्ड आणि स्क्रीन) सापडलं असेल तर त्याला नेटवर्क लागत नाही, सर्व्हरच्या सिरियल पोर्टला तीन तारा पुरतात. ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, केबल १५ मीटरच्या आत. २५ पिनांच्या कनेक्टरमध्ये २ नंबर पाठवायचा, ३ घ्यायचा, ७ जमीन. ९ पिनांच्या कनेक्टरमध्ये २ घ्यायचा, ३ पाठवायचा, ५ जमीन. म्हणजे ९ कडून २५ कडे जाताना २ ला २ आणि ३ ला ३ जोडलं की आपोआप बरोबर जुळतं, आणि दोन्ही बाजूंना २५ असतील तर २ आणि ३ उलटे करावे लागतात. इतकं करूनही लॉगिन प्रॉम्प्ट येत नसेल तर सर्व्हर कॅरिअरची (समोर कुणी जोडलंय या सिग्नलची) वाट बघत आहे: त्याच्या बाजूच्या २५ पिनांच्या कनेक्टरमध्ये ६, ८ आणि २० एकमेकांना जोडा, ४ ला ५ जोडा. कचरा अक्षरं आली तर बॉड चुकला; काही अक्षरं बरोबर आणि काही चूक आली तर पॅरिटी.

हे नेटवर्क कॉलेजच्या आजच्या नेटवर्कला जोडू नका, असंच मी म्हणेन. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो, आणि कोअ‍ॅक्सवर प्रत्येक फ्रेम प्रत्येक कार्डापर्यंत पोचते. कुणीही कान लावून बसलं तर सगळ्यांचे पासवर्ड मिळतात. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ मध्ये असेच पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तातु युलोनेन यांनी एसएसएच (पासवर्ड झाकून नेणारा लॉगिनचा प्रोग्राम) लिहिलं. मुलांना तेही दाखवा: एका पीसीवर फ्रेम पकडणारा प्रोग्राम लावा, दुसऱ्यावरून खोट्या खात्याने लॉगिन करा, आणि पासवर्डचं एकेक अक्षर वेगवेगळ्या फ्रेममध्ये जाताना बघू द्या.

जुना सर्व्हर उठत नसेल तर कुठल्याही पीसीवर नेटबीएसडी किंवा लिनक्स टाका आणि टेलनेटची सेवा मुद्दाम चालू करा, ती आता आपोआप चालू नसते. नव्या मशीनला बीएनसी नसतं, तेव्हा एक बीएनसी तोंड असलेला जुना १०बेस-टी हब मध्ये घाला. हब म्हणजेही सेगमेंटवरचा एक जोड, ३० मध्ये तो मोजायचा. नव्या मशीनचं पोर्ट १० मेगाबिटवर उतरतं का ते आधी बघा. साधी गिगाबिट पोर्ट बहुतेक उतरतात, २.५ गिगाबिट आणि त्यापुढची काही उतरत नाहीत.

काम झाल्यावर केबल गुंडाळताना वळसा मोठा ठेवा, त्रिज्या ५ सेंटीमीटरच्या खाली नको. दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावून एकदा मोजा, आणि भेंडोळ्यावर लांबी, तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा.